पिशवीला सूज आहे म्हणजे पुढे कॅन्सर होतोच का?

मांजराकाठ
सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, धागा आरोग्य विभागात टाकावा की मदतीच्या, कळेना. चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझी आत्या कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी असते. वय पन्नाशीच्या पुढं. लग्नानंतर बारा-तेरा हंगाम नवऱ्यासोबत कोयता घेऊन कारखान्याला ऊसतोडीला गेली, आता गुडघ्यामुळं जात नाही. वर्षभर अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरलेली असते. गेल्या आठवड्यात तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं आणि सांगितलं की पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, सीआरपी १४ आलाय म्हणजे अंगात दाह आहे, हे आज ना उद्या कॅन्सरमध्ये जाणार, त्यापेक्षा पिशवी काढून टाका. तारीखसुद्धा दिली, पुढचा गुरुवार.

तेवढ्यात आतेभावानं घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. सगळ्या कॅन्सरचं मूळ इन्फ्लमेशन, रोज सकाळी हळद-मिरे-आल्याचा काढा घ्या, गाठी विरघळतात वगैरे. हा गडी पिकअप चालवतो, दिवसभर गालात पुडी. तोंडाची आग होते म्हणून वर्षभरापासून ठेचा सोडलाय, भाजीसुद्धा वरणात कालवून खातो, आणि आईला पातेलंभर काढा पाजायलाय. आत्या बिचारी दोन्हीकडून घाबरली. मला फोन करून म्हणली, "पोरी, तू शिकलेली हायस, सूज म्हंजी कॅन्सरच असतो का?"

मी कॉमर्सची. मला सांगता येईना. गुगल केलं तर तिथं खरंच लिहिलंय की दाहाचा आणि कॅन्सरचा संबंध आहे. मग डॉक्टर बरोबर आणि फॉरवर्डही बरोबर? कुणी नीट सांगेल का, गुरुवारच्या आत?

काळीभोर
सोमवार, रात्री १०:१५

गुरुवार रद्द करा. आधी हे करा, मग धागा वाचत बसा.

आमच्या वहिनीचं अगदी शब्दाला शब्द असंच झालं, धारूर भागात. वय ३१. पिशवीला सूज, कॅन्सर होईल. आगाऊ पैशाची उचल घेतलेली, मुकादम म्हणतो खाडा पडला की पैसे कापणार, त्यात दर महिन्याची कटकट. काढून टाकली. पैसे व्याजानं काढले होते. तेव्हापासून हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात, झोप नाही. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, असं मी दादाला विचारलं. तो म्हणला, ते काय असतं?

खवचट_परभणीकर
सोमवार, रात्री १०:४०

सूज, जखम आणि गाठ. आपल्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांचे वरचे मजले या तीन शब्दांवर चढलेत. बाकी चालू द्या.

स्लाइडवाला
मंगळवार, सकाळी ६:३०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. वीसेक वर्षं मराठवाड्यातच, सूक्ष्मदर्शकासमोर. पेशंट माझ्यासमोर येत नाही, पेशंटमधून काढलेलं येतं. त्यामुळे या प्रश्नाची एक बाजू मला रोज दिसते.

आधी त्याच बाजूचं सांगतो. काढलेली गर्भपिशवी आली की आम्ही तिच्या तोंडाचा, म्हणजे ग्रीवेचा, तुकडा कापून काचेवर बघतो. मूल झालेल्या, संसारी बाईच्या जवळपास प्रत्येक पिशवीच्या तोंडाशी थोड्याफार पांढऱ्या पेशी जमलेल्या असतात. रिपोर्टात आम्ही लिहितो 'क्रॉनिक सर्व्हिसायटिस'. मराठीत सांगायचं तर जुनी सूज. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की आता हात आपोआप चालतो. ते आजाराचं नाव कमी आणि वापरलेल्या अवयवाचं वर्णन जास्त. शेतात राबणाऱ्याच्या तळव्याला घट्टे असतात, तसं. त्या आधारावर कुणी कॅन्सरचं भाकीत करत असेल तर या जिल्ह्यातल्या निम्म्या बायकांचं करावं लागेल.

आता ताईंचा मूळ प्रश्न. दाह आणि कॅन्सर यांचं नातं खरं आहे आणि जुनंही आहे. जर्मनीतल्या रुडॉल्फ विर्खोला १८६३ साली कॅन्सरच्या गाठींत पांढऱ्या पेशी दिसल्या. त्यानं तर्क केला की जिथे दीर्घकाळ चुरचुर, जखम, दाह चालतो तिथे कॅन्सर उगवतो. पुढे शंभरेक वर्षं ही कल्पना मागे पडली. १९८६ साली हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं लिहिलं की गाठ म्हणजे न भरणारी जखम. जखम भरताना शरीर जे जे करतं, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या, नवं धागेदार ऊतक, पेशींची भराभर वाढ, ते सगळं गाठीतही दिसतं. जखमेत ते थांबतं, गाठीत थांबत नाही.

हे आपल्या भाषेत असं बघा. बोटाला कोयता लागला की पांढऱ्या पेशींची टोळी तिथे उतरते. जंतू मारायला त्या ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या भरायच्या, म्हणून आजूबाजूच्या पेशींना 'वाढा' असा निरोप जातो. आठ-दहा दिवसांत काम संपतं, टोळी निघून जाते. आता समजा हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला तरी टोळी फडातून हललीच नाही. वर्षानुवर्षं तेच जहाल रेणू सुटतायत, ते शेजारच्या चांगल्या पेशीच्या डीएनएवरही पडतात. त्याच पेशीला 'वाढ, वाढ' हा निरोपही चालूच आहे. बिघडलेला डीएनए दुरुस्त व्हायच्या आत पेशी दुभंगते आणि चूक पक्की होते. अशा चुका साठत जाणं म्हणजेच कॅन्सरची तयारी. याला दहा-वीस-तीस वर्षं लागतात.

यात दोन गोष्टी लागतात, 'वर्षानुवर्षं' आणि 'न हटणारं कारण'. कारण कोणतं ते सांगता आलं पाहिजे. यकृतात ब किंवा क प्रकारच्या काविळीचा विषाणू, जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, मोठ्या आतड्याचा जुना दाह म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस, इजिप्तमध्ये मूत्राशयात शिस्टोसोमा नावाचा कृमी, काश्मीरमध्ये पोटाशी धरलेल्या निखाऱ्यांच्या मडक्याच्या, म्हणजे कांगडीच्या, चटक्यांवर होणारा त्वचेचा कॅन्सर. २०१८ सालच्या जागतिक अंदाजात सुमारे २२ लाख कॅन्सर जंतुसंसर्गाशी जोडलेले होते, दर शंभरात साधारण १३. म्हणजे उरलेल्या ८७ मध्ये जंतूचा हात नाही. 'सगळ्या कॅन्सरचं मूळ' हे तिथंच फसतं.

सीआरपी १४ बद्दल. हे प्रथिन यकृत बनवतं. दात किडला, खोकला झाला, गुडघा सुजला, तरी ते वाढतं. आत्यांचे गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय. कॅन्सर शोधायची ती तपासणीच नव्हे.

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं नेमकं दुपारी लिहितो, काचा वाट बघतायत.

शब्दवेल्हाळ
मंगळवार, सकाळी ९:०५

उत्तम प्रतिसाद. माझं थोडं अवांतर, पण मला वाटतं निम्मा घोळ शब्दाचाच आहे.

आपण 'सूज' एकाच शब्दात तीन गोष्टी भरतो. पायात पाणी उतरलं तरी सूज, गालगुंड झालं तरी सूज आणि सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी दिसल्या तरी सूजच. रोमन लेखक सेल्सस यानं पहिल्या शतकात दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली होती, लाली, फुगवटा, ऊब आणि ठणका. त्यातल्या फुगवट्याला लॅटिनमध्ये जो शब्द होता तोच 'ट्यूमर'! म्हणजे हा गोंधळ फक्त मराठीचा नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शोफाच्या तीन अवस्था आहेत, आम, पच्यमान आणि पक्व. कच्च्या अवस्थेत शस्त्र लावणाऱ्या आणि पिकलेल्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या, अशा दोन्ही वैद्यांना तिथे झापलेलं आहे. तालुक्याच्या त्या दवाखान्यात ती ओळ फ्रेम करून लावावी.

उदगीरकर_७१
मंगळवार, सकाळी ११:३०

सर, पायलोरीबद्दल एक शंका. मला ॲसिडिटीसाठी दुर्बीण घातली होती तेव्हा पायलोरी निघाला. दोन आठवडे गोळ्यांचा मारा झाला. तुमचा प्रतिसाद वाचून आता पोटात गोळा आलाय. दुष्काळात टँकरचं पाणी पिऊन आमच्या अख्ख्या गल्लीला तो असणार.

स्लाइडवाला
मंगळवार, दुपारी २:१०

@उदगीरकर, गोळा काढून टाका. पायलोरीचा किस्सा सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये जठरातला हा जंतू वेगळा काढला. अल्सर ताणानं नाही, जंतूनं होतो, हे कुणी ऐकेना. १९८४ मध्ये मार्शलनं त्या जंतूचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ मध्येच त्याला पक्क्या कर्ककारकांच्या यादीत घातलं होतं.

पण गंमत पुढे आहे. भारतात अर्ध्याहून जास्त लोकांच्या पोटात हा जंतू आहे आणि तरीही जठराचा कॅन्सर आपल्याकडे जपान-कोरियाच्या मानानं कितीतरी कमी. सूज भरपूर, कॅन्सर थोडा. जंतूची जात, खाणं, अंगातली जनुकं, सगळं लागतं. तुमचा तर उपचारही झालाय.

आता पिशवीचं तोंड. या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. हा विषाणू नुसता दाह करून थांबत नाही. पेशीच्या वाढीला आवर घालणारी दोन प्रथिनं तो निकामी करतो. सोबत जुना दाह असेल तर त्याला मदत होते एवढंच, दाह हा इथे साथीदार आहे, मुख्य आरोपी नाही. त्यामुळे आत्यांना विचारायचा प्रश्न 'सूज आहे का' हा नाही, 'एचपीव्ही आहे का, आणि तोंडावरच्या पेशी बिघडल्यात का' हा आहे. एचपीव्ही चाचणी, तोंडावरच्या पेशी खरवडून काचेवर बघायची पॅप तपासणी किंवा व्हिनेगरसारखं ॲसेटिक ॲसिड लावून बघायची साधी व्हीआयए तपासणी, यांतलं काही झालंय का? झालं नसेल तर पिशवी काढायचा सल्ला कशाच्या आधारावर दिला, ते विचारा. नुसतं पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या संसर्गाचं असतं, औषधानं जातं. संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर रक्त, रक्तमिश्रित घाण वासाचं पाणी, यांतलं काही असेल तर मात्र एक आठवडाही थांबू नका.

गोदाकाठची_सिस्टर
मंगळवार, रात्री ८:४५

मांजराकाठ, तुझं गाव कळंब तालुक्यातलं म्हणून लिहितेय. तुला कदाचित माहीत नसेल, जगात या तपासण्यांबद्दल जे पुस्तकात छापलंय त्यातलं बरंचसं आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी दिलेलं आहे.

१९९९ च्या शेवटी उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली ती जागतिक कर्करोग संस्था यांनी मिळून केलेला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका. गावांचे ५२ गट पाडले, काहींत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप, काहींत व्हीआयए. मी त्या वेळी नवीन नर्स, गावोगाव जीपनं जायचे. शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात साड्यांचे पडदे लावून तपासणी. पहिल्या दिवशी कुणी यायचं नाही. सासू आली की सुना यायच्या, म्हणून आम्ही आधी सासवांना गाठायचो. एका गावात एका म्हातारीनं सगळ्यांसमोर विचारलं, "ह्ये बगून काय मिळणार तुमाला?" मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर २००९ मध्ये छापून आलं. एचपीव्हीची एकच तपासणी, आयुष्यात एकदा, झालेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्हींत तीस-तीस हजारांवर बायका. बार्शीत तर १९८७ पासून गावांतल्या कॅन्सरची नोंदवही आहे, भारतातली पहिली ग्रामीण. त्यात आपले परंडा आणि भूम तालुकेही येतात.

आणि याच भागातल्या बायकांना 'सूज आहे, काढा' सांगतात. माझा जीव तुटतो.

खवचट_परभणीकर
मंगळवार, रात्री ९:२०

सिस्टर, आदर ठेवून विचारतो. त्या ६४ बायकांना तपासणी का दिली नाही? ज्या आजाराची तपासणी जगाला माहीत होती, तो आजार बायांना होताना लांबून मोजत बसायचं, हे आमच्या गावकुसाबाहेरच्याच बायांच्या नशिबी का? परदेशातल्या डॉक्टरांनीही यावर टीका केली होती.

गोदाकाठची_सिस्टर
मंगळवार, रात्री १०:०५

केली होती, बरोबर. तेव्हाचं उत्तर असं होतं की तुलनेच्या गावांत जे नेहमीचं मिळतं तेच मिळत होतं, आणि नेहमीचं म्हणजे काहीच नव्हतं. त्या गावांत माहिती द्यायचो, कुठं जायचं ते सांगायचो. मला हे उत्तर तेव्हा पटलं होतं. आता विचारशील तर, त्या शाळेच्या खोलीत उभं राहून विचारशील तर, नाही सांगता येत.

काळीभोर
बुधवार, सकाळी ७:५०

सिस्टरचं वाचून रात्री झोप नाही. २०१९ मध्ये आमच्या बीडमध्ये हा प्रकार पेपरात आला, तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८० हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. वहिनीचं त्याआधीच झालं होतं.

एवढ्या बायकांना घाबरवायला काय लागलं? तर हेच अर्धं खरं वाक्य, की सुजेतून कॅन्सर होतो.

आजीचा_बटवा
बुधवार, सकाळी १०:१०

सगळे ॲलोपॅथीवालेच बोलतायत. हळदीवर एवढं संशोधन झालंय, त्यातलं करक्यूमिन दाह कमी करतं हे प्रयोगशाळेत सिद्ध आहे. काढ्यानं नुकसान तर नाही ना? हळदीचं पेटंट अमेरिकेनं घेतलं होतं, विसरलात का?

स्लाइडवाला
बुधवार, दुपारी १:४०

विसरलो नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत ते पेटंट दिलं गेलं, डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरनं लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. पण ते जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट होतं, आणि रद्द झालं ते 'हे आमच्या आज्यांना आधीच माहीत होतं' या मुद्द्यावर. कॅन्सरचा तिथे विषयच नव्हता.

काचेच्या बशीतल्या पेशींवर करक्यूमिन ओतलं तर दाहाचे निरोप दबतात, खरं आहे. पोटातून घेतलेलं करक्यूमिन रक्तात फारच थोडं पोचतं. मिऱ्यानं ते वाढतं हेही खरं, पण मिऱ्यामुळे इतर औषधांचं प्रमाणही बदलू शकतं. भाजीत हळद घाला, कढीत घाला. काढा पिऊन गाठ विरघळलेली माझ्या टेबलावर तरी आलेली नाही, काढा पिण्यात सहा महिने घालवलेल्या मात्र येतात.

तेरणा_एक्सप्रेस
बुधवार, दुपारी ३:००

इंजिनिअरचा बाळबोध प्रश्न. दाहामुळे कॅन्सर होतो आणि दाह कमी करायच्या गोळ्या मेडिकलमध्ये दोन रुपयाला मिळतात. मग सगळ्यांनी रोज एक ॲस्पिरीन घेतली की काम झालं?

स्लाइडवाला
बुधवार, रात्री ८:३०

बाळबोध अजिबात नाही, या प्रश्नावर लोकांनी आयुष्यं घालवलीत. लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष असतो, त्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर तरुणपणी होतो. अशा ८६१ लोकांवर ॲस्पिरीनची चाचणी झाली, रोज ६०० मिलिग्रॅम, दोन वर्षं. पुढे कित्येक वर्षांनी मोजलं तर ॲस्पिरीनवाल्यांत तो कॅन्सर साधारण एक तृतीयांशानं कमी. वाहवा! मग ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत बहुतेक सत्तरीच्या पुढच्या धडधाकट १९ हजार लोकांतल्या निम्म्यांना रोज छोटी ॲस्पिरीन देऊन बघितली. २०१८ मध्ये निकाल आला. रक्तस्राव वाढला आणि कॅन्सरचे मृत्यू कमी व्हायचे सोडून थोडे जास्तच निघाले. एकच गोळी, माणसं वेगळी, निकाल उलटा.

दुसरं उदाहरण त्याहून चटका लावणारं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १० हजार लोकांवरच्या चाचणीत त्यांतल्या काहींना कॅनाकिनुमॅब हे दाहाचा एक विशिष्ट निरोप अडवणारं इंजेक्शन दिलं. हेतू हृदयाचा होता. २०१७ मध्ये आकडे उघडले तर सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू ७७ टक्क्यांनी कमी! सगळं जग उठून बसलं. पुढे तेच औषध, कॅन्सर झालेल्या रोग्यांना, उपचार म्हणून दिलं. काही उपयोग झाला नाही. बी रुजण्याआधी माती बदलली तर फरक पडतो, झाड उभं राहिल्यावर नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. माझा अर्थ हं, धर्मग्रंथ नाही. आणि इंजेक्शनवाल्यांत जंतुसंसर्गानं मृत्यू वाढले ते वेगळंच. टोळी हटवली की राखणही हटते.

आणखी एक, झोप उडवायला. मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरवर आम्ही आत काय सोडतो माहीत आहे? बीसीजी. तीच क्षयाची लस, जी तुमच्या दंडावर आहे. ती तिथे मुद्दाम दाह पेटवते आणि तो दाह कॅन्सरच्या पेशी मारतो. १९७६ पासून हे चालू आहे. दाह वाईट की चांगला, या प्रश्नाला तसा अर्थ नाही. कुठला, कुठे, किती दिवस, एवढंच विचारायचं.

तेरणा_एक्सप्रेस
बुधवार, रात्री ८:५५

बीसीजीचं वाचून दोनदा दंड बघितला. वाचनखूण साठवली.

लुगडंवाली_नात
बुधवार, रात्री ९:३०

कांगडीचं वाचलं म्हणून. माझ्या आजीच्या कमरेला नाडीनं काळा पट्टा पडलाय, तिथं कधी कधी चिघळतं. ती म्हणते साठ वर्षं आहे, काही होत नाही. काळजीचं आहे का?

स्लाइडवाला
बुधवार, रात्री १०:००

काळा पट्टा लाखो बायकांना असतो, त्याचं काही नाही. मात्र चिघळलेलं तीन आठवड्यांत भरलं नाही तर दाखवा. धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरबद्दल मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच लिहिलं होतं. २०२४ मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांचा सहभाग असलेल्या एका लेखात परकराच्या नाडीखाली झालेल्या अशाच जखमांच्या केसेस छापून आल्या. फार दुर्मीळ आहे. आजींना नाडी सैल बांधायला सांगा, रुंद पट्टी लावली तर उत्तम. त्या ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे.

बत्तिशी
गुरुवार, सकाळी ७:१५

मी दंतवैद्य. रात्री सगळा धागा वाचला आणि पहिल्याच पोस्टमधलं एक वाक्य वाचून उठून बसलो. इतक्या प्रतिसादांत त्यावर कुणीच बोललं नाही. सगळे आत्याबाईंच्या सुजेमागे.

'दिवसभर गालात पुडी. तोंडाची आग होते म्हणून वर्षभरापासून ठेचा सोडलाय.'

ताई, या धाग्यातलं कॅन्सरच्या जवळ असलेलं माणूस तुमची आत्या नसावी, तुमचा आतेभाऊ असावा. तिखट सहन न होणं हे सबम्यूकस फायब्रोसिसचं पहिलं लक्षण. डॉ. जोशींनी १९५३ मध्ये भारतात याचं वर्णन केलं. हा सुपारीचा आजार आहे, तंबाखू नसलेली गोड सुपारीसुद्धा पुरते. सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या आतल्या अस्तराला सतत डिवचत राहतं, तिथे दाह होतो, आणि जखम भरल्यावर जसा वण धरतो तसे धागे अस्तराखाली साठत जातात. सुपारीतलं तांबं ते धागे आणखी घट्ट विणतं. गाल पुठ्ठ्यासारखा पांढरट, ताठ होतो आणि तोंड उघडेनासं होतं. २००४ पासून सुपारी एकटीसुद्धा पक्क्या कर्ककारकांच्या यादीत आहे. भारतातल्या एका जुन्या, सतरा वर्षं चाललेल्या पाठपुराव्यात अशा दर शंभर जणांत सातेकांना तोंडाचा कॅन्सर झाला. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, हा वाक्यातला विनोद.

त्याला सांगा, स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घाल. जायला हवीत.

स्लाइडवाला
गुरुवार, सकाळी ७:४०

@बत्तिशी, लाज वाटली. मीही ते वाक्य वाचलं होतं. ताई, आधी याचं बघा. पिशवीच्या सुजेत कारण न सापडताच भीती विकली जाते, आणि इथे कारण रोज पाच रुपयाला टपरीवर मिळतं तर कुणी भीत नाही. माझ्याकडे गालाचे तुकडे येतात त्यावरची वयं आता पंचवीस-अठ्ठावीस असतात.

काळीभोर
गुरुवार, सकाळी ८:०५

आत्ता आरशासमोर करून बघितलं. तीन गेली. दाद्याला उठवून करायला लावलं, अडीच.

बत्तिशी
गुरुवार, सकाळी ८:२०

दाद्याला घेऊन या. आणि मिसरी लावणाऱ्या बायकांनीही आरशात हिरड्या बघाव्यात. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला फोड, गालाला सारखा लागणारा तुटका दात, यांतलं काहीही असेल तर दाखवायचं. सुपारी सोडल्यानं गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही, हे खरंच सांगतो, पण पुढचा धोका कमी होतो. तोंड उघडायचे व्यायाम, इंजेक्शनं, याने थोडंफार सुटतं.

मांजराकाठ
नऊ दिवसांनी, शनिवार, रात्री १०:३०

सगळ्यांची माफी मागते, इतके दिवस गायब होते. गावी होते.

गुरुवारची तारीख आम्ही रद्द केली. त्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, मी एचपीव्हीबद्दल विचारलं तर म्हणाले मॅडम तुम्ही गुगल कमी वाचा. मग आत्याला बार्शीला नेलं. पिकअपमधूनच, चालवायला आतेभाऊ. आत्याची चाचणी निगेटिव्ह आली. पांढऱ्यासाठी आत्याला आणि मामांना दोघांनाही गोळ्या दिल्यात. मामा म्हणले, मला कशाला? डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं, त्यांनी गोळ्या खिशात टाकल्या. पिशवी आहे तिथंच आहे. सिस्टर, तुमचं सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, आमच्या गावात पण आली होती ती जीप, सासूनं जाऊ दिलं नव्हतं.

आतेभावाला मी वाटेत चहाला थांबल्यावर तीन बोटं घालायला सांगितली. हसला. मग घातली. दोन घातली. मग एकदा आरशाकडं तोंड करून परत घातली आणि गाडीत जाऊन बसला. येरमाळ्यापर्यंत बोलला नाही. घाटात काच खाली करून पुडी फेकली. चार दिवसांनी परत खाताना दिसला, ते पण सांगते.

सोमवारी त्याला संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. तिथल्या मॅडमनं गालावरून बोट फिरवून मुलांना बोलावलं आणि प्रत्येकाला बोट फिरवायला लावलं. त्याला ते आवडलं नाही. एका ठिकाणी पांढरा चट्टा आहे, तिथला तुकडा काढून तपासायला दिलाय.

स्लाइडवाला
शनिवार, रात्री १०:५०

रिपोर्टात 'डिस्प्लेशिया', म्हणजे पेशींचा कॅन्सरपूर्व बिघाड, हा शब्द आहे का, आणि असेल तर त्याच्या आधी काय लिहिलंय, माइल्ड, मॉडरेट की सिव्हिअर, एवढं बघून इथे टाका. फोटो टाकताना नाव झाका.

मांजराकाठ
शनिवार, रात्री ११:१०

बुधवारी मिळणार म्हणालेत, आला की टाकते. पुडी सध्या बंद आहे म्हणतो, खिसे आत्या रोज तपासते. काढ्याचं पातेलं तिनं आता त्याच्यापुढं सरकवलंय. म्हणते, घे, तूच केला व्हतास, निम्मा उरलाय.